घरातल्या विजेचे राखणदार

विज्ञानाचे पान : इयत्ता सातवी

या महिन्याच्या भित्तिपत्रकातले विज्ञानाचे पान लिहिण्याची पाळी माझी आहे. पावसाळा लागला आहे. भिंती ओल धरू लागल्या आहेत, पत्र्याच्या कडेने पाणी झिरपते आहे, आणि विजेचे बोर्ड याच भिंतींवर आहेत. म्हणून मी घरातली वीज हा विषय घेतला. पालकसभेला येणाऱ्या आईवडिलांना हे पान उभ्याने वाचावे लागणार, तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या घरात फ्यूज आहे किंवा नवी एमसीबी बसवली आहे, म्हणजे आता शॉक बसून कुणाला इजा होणार नाही, असे आपण धरून चालतो. तसे नाही. फ्यूज आणि एमसीबी तारेचे रक्षण करतात. माणसाचे रक्षण करणारी डबी वेगळी असते, आणि ती पुष्कळ घरांत नसते.

आमच्या शाळेचे वायरिंग गेल्या वर्षी बदलले. वायरमनकाका तीन दिवस शाळेत होते. गुरुजी त्यांना म्हणाले, काम करता करता पोरांनाही दाखवा. काकांनी जुने फ्यूज, जळकी वायर, बिघडलेली एमसीबी असे सगळे सामान टेबलावर मांडले आणि एकेक वस्तू उघडून दाखवली. मी वहीत लिहून घेतले. हिशेब गुरुजींनी फळ्यावर करवून घेतले. तेच येथे देत आहे.

वीज गावच्या डीपीवरून खांबांवर, खांबावरून आपल्या मीटरला, मीटरमधून मेन स्विचला आणि तिथून बोर्डाला येते. घरात येणाऱ्या तारा मुख्यतः दोन, एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. या दोहोंमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. वीज फेजमधून आत येते, दिव्यातून जाते आणि न्यूट्रलमधून परत जाते. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढचे सगळे तिच्यावर आहे. डीपीजवळ ही न्यूट्रल तार जमिनीला जोडलेली असते. म्हणजे जमीन न्यूट्रलचीच बहीण झाली. म्हणून फेजला हात लागला आणि पाय जमिनीवर असले, की विजेला परत जाण्याचा रस्ता मिळतो, आणि तो रस्ता म्हणजे आपण. तारेवर बसलेल्या साळुंकीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि ती दुसऱ्या कशालाही टेकलेली नसते.

आता थोडे गणित. वस्तूवर लिहिलेले वॅट भागिले २३० केले, की ती वस्तू साधारण किती अँपियर प्रवाह घेते ते निघते. ९ वॅटचा एलईडी दिवा घेतो सुमारे ०.०४ अँपियर. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपियर. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड ६.५ अँपियर. इस्त्री आणि रॉड एकाच बोर्डावरून एकदम चालवले तर जवळजवळ ११ अँपियर झाले. तारेतून प्रवाह गेला की ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. तार भिंतीच्या आत आहे, आपल्याला दिसत नाही. वरचे प्लास्टिक मऊ होते, मग काळे पडते, मग पेटते.

हे होऊ नये म्हणून फ्यूज आला. चिनी मातीच्या डबीत एक बारीक वितळतार असते. सगळ्या तारांत तीच सर्वांत अशक्त ठेवलेली असते. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की ती आधी वितळते, वाट तुटते आणि बाकीची तार वाचते. आता आपण काय करतो? फ्यूज सारखा उडतो म्हणून वायरीतले तांब्याचे चार धागे काढतो, पिळतो आणि त्यात घालतो. काकांनी असा एक फ्यूज टेबलावर ठेवला होता. तो काही उडाला नव्हता, चांगला शाबूत होता. शेजारी त्याच घरातली भिंतीतून उपसलेली वायर ठेवली होती. ती हातभर कोळसा झाली होती. जाड तार घातली की फ्यूज उडत नाही हे अगदी खरे आहे, मग त्याचे काम भिंतीतली वायर करते.

एमसीबी म्हणजे फ्यूजची पुढची पिढी. जर्मनीतल्या मानहाइम शहरात ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात ती तयार झाली आणि १९२४ साली तिचे पेटंट घेतले गेले. काकांनी बिघडलेल्या एमसीबीचे रिव्हेट काढून तिचे पोट उघडले, तेव्हा आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो. एवढ्याशा डबीत किती सामान! एक स्प्रिंग, एक तांब्याचे वेटोळे, एक पट्टी, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या पातळ चकत्या पुस्तकाच्या पानांसारख्या रचलेल्या.

ती पट्टी दोन वेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते. ती पुरेशी वाकली की खिटी सुटते, स्प्रिंग उडते आणि बटण खाली पडते. काकांनी काडी पेटवून पट्टीखाली धरली, तेव्हा ती हळूहळू वाकताना आम्ही डोळ्यांनी पाहिली. थोडा जास्तीचा भार बराच वेळ राहिला तर ही पट्टी काम करते. पण फेज आणि न्यूट्रल एकमेकींना थेट चिकटल्या, म्हणजे आपण ज्याला शॉर्ट झाले म्हणतो, तर पट्टी तापेपर्यंत थांबून चालणार नाही. तिथे तांब्याचे वेटोळे कामाला येते. एकदम मोठा प्रवाह आला की त्याचा लोहचुंबक होतो आणि तो खिटीला क्षणात झटका देतो. वाट तुटताना आत मोठी ठिणगी उडते. तिचे तुकडे करून ती विझवायला त्या चकत्या असतात.

आमच्यातल्या एकाने विचारले, बटण सुतळीने वर बांधून ठेवले तर? काका हसले आणि म्हणाले, हे तुमच्या आधी पुष्कळांनी करून पाहिलंय. बाहेरचे बटण बांधले तरी आतली खिटी सुटतेच. आत तशी सोय केलेली असते.

एमसीबीवर सी १६ असे काहीतरी छापलेले असते. १६ म्हणजे इतके अँपियर तिने नेहमीसाठी वाहू द्यायचे. सी म्हणजे त्याच्या पाच ते दहा पटीपर्यंत प्रवाह गेला की तिने झटक्यात पडायचे, म्हणजे ८० ते १६० अँपियरला. मधल्या प्रवाहाला ती वेळ घेते. सुमारे २३ अँपियर वाहू लागले तर तिने एका तासाच्या आत पडले पाहिजे, असे प्रमाण ठरलेले आहे. एका तासाच्या आत! म्हणजे पाऊण तासाने पडली तरी ती निर्दोष. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तारेला ६ किंवा १० अँपियरची आणि मोठ्या प्लगच्या अडीच चौरस मिलिमीटर तारेला १६ ची एमसीबी काका लावतात. ती सारखी पडते म्हणून तिच्या जागी ३२ ची बसवणे म्हणजे फ्यूजमध्ये चार धागे पिळून घालण्यासारखेच, फक्त दिसायला नीटनेटके. आणि एमसीबी फेजच्या तारेवरच हवी. चुकून न्यूट्रलवर बसवली तर बटण खाली पडते, दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते.

इथपर्यंत सगळे तारेचे झाले. आता माणसाचे पाहू.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. माणसाच्या हातातून किती प्रवाह गेला की त्याला धरलेली वस्तू सोडता येत नाही, हे त्यांनी स्वखुशीने तयार झालेल्या लोकांवर बेताबेताने मोजले. पुरुषांचा सरासरी आकडा सुमारे १६ मिली-अँपियर आला आणि स्त्रियांचा सुमारे साडेदहा. मिली म्हणजे हजारावा भाग. १६ मिली-अँपियर म्हणजे ०.०१६ अँपियर. एलईडी दिवा घेतो त्याच्याही निम्म्याहून कमी! आपल्याकडे म्हणतात ना, ‘करंटने ओढून धरलं’, ते याच्यामुळे. करंट कुणाला ओढत नाही. प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात आणि आपलीच मूठ घट्ट मिटते. प्रवाह आणखी वाढला की छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो, आणि त्याहून वाढला की हृदयाचे ठोके विसकटतात.

आता गुरुजींनी फळ्यावर मांडलेला हिशेब. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला. दाब २३० व्होल्ट. प्रवाह निघाला २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर. माणसाच्या जिवाला हा प्रवाह फार मोठा आहे. पण एमसीबी तर १६ अँपियरपर्यंत स्वस्थ बसणार. ०.२३ म्हणजे त्याचा जेमतेम सत्तरावा हिस्सा. तिच्या लेखी न्हाणीत तडफडणारा माणूस म्हणजे कुणीतरी लावलेला ५० वॅटचा दिवा. वर्गात त्या वेळी कुणी बोलले नाही. काकांनी एवढेच सांगितले, की ते असे दोन ठिकाणी पाहून आलेत, आणि दोन्ही ठिकाणी एमसीबीचे बटण वरच होते.

मग अर्थिंग कशाला असते? तीन पिनांचा प्लग पाहा. वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. तिला आतून हिरवी तार असते. ती एका बाजूला वस्तूच्या धातूच्या अंगाला आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत सुमारे अडीच मीटर खोल पुरलेल्या नळीला जोडतात. नळीभोवती कोळसा आणि मीठ भरतात, म्हणजे ओल टिकते. वस्तूच्या आत फेज सुटून अंगाला लागली, तर वीज या वाटेने जमिनीत जाते. आपण काय करतो? बोर्डाला दोनच भोके आहेत म्हणून वरची पिन मोडतो. नाहीतर प्लगच कापून टाकतो आणि उघड्या तारा भोकात घालून काडेपेटीच्या काड्या खोचतो. पाहुण्याने चप्पल बाहेर काढावी तितक्या सहज.

पण एकटे अर्थिंगही पुरत नाही, हे मला नवीन होते. समजा, पाण्याच्या मोटारीच्या अंगाला फेज लागली. पावसाळ्यात अर्थिंगच्या नळीचा रोध १० ओहम आहे. प्रवाह झाला २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर. मघाचा आकडा आठवला का? एमसीबीला पडायला तासभर मुभा आहे. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला आणि रोध ५० ओहम झाला, तर प्रवाह निघतो फक्त ४.६ अँपियर. एमसीबी पडणारच नाही, आणि मोटारीच्या अंगावर जवळजवळ सगळा दाब तसाच उभा राहील. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे असते, आणि म्हणूनच तिसरी डबी लागते.

या डबीला दुकानात ईएलसीबी म्हणतात. नव्या डबीवर आरसीसीबी असे छापलेले असते. ती काय करते ते सांगतो. शेळ्या सकाळी रानात सोडताना गुराखी मोजतो, चाळीस. संध्याकाळी वाड्यात येताना पुन्हा मोजतो, चाळीस. एक कमी भरली तर ती कुठे गेली हे त्याला माहीत नसते, पण काहीतरी बिघडले आहे एवढे नक्की कळते. ही डबी तसेच मोजते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तिच्यातल्या एका लोखंडी कड्यातून जातात. जेवढा प्रवाह फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर कडे शांत राहते. त्यातला थोडा मोटारीच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही, आणि त्या फरकानेच आतले वेटोळे खिटी सोडते. घरासाठी ३० मिली-अँपियरची डबी घ्यायची. एवढा फरक पडला तर तिने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात वाट तोडली पाहिजे, आणि फरक मोठा असेल तर त्याहूनही लवकर. वर सांगितलेल्या डॅल्झील यांनीच अमेरिकेत अशा प्रकारचे यंत्र १९६१ साली तयार केले.

अर्थिंग आणि ही डबी यांची जोडी आहे. अर्थिंग चांगले असेल तर मोटार बिघडल्या क्षणीच वीज जमिनीत वाट काढते आणि डबी पडते, कुणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर पडते. जीव बहुधा वाचतो, पण झटका बसतोच.

आमच्या घरी ही डबी बसवली त्याला वर्ष होईल. पहिल्याच पावसात ती रोज पडू लागली. मोटार लावली की सगळ्या घराची लाईट जायची. आबा म्हणाले, “पैसे देऊन लाईट घालवायचं यंत्र आणलंत. काढा ते, वायर सरळ जोडा.” वडिलांनी काढली नाही, वायरमनकाकांना बोलावले. काकांनी मोटारीची वायर सोडली, डबी पडेना. वायर जोडली, पडली. मग मेन बंद करून ते वायर तपासत गेले, तर हौदाच्या कडेला एक जोड निघाला. त्यावर पिशवीचे प्लास्टिक गुंडाळून सुतळी बांधलेली होती. आत पाणी. तिथून चार हातांवर आई रोज धुणे धुते. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन स्वतः अखंड वायर घेऊन आले.

तेव्हा पावसाळ्यात ही डबी पडू लागली तर ती बिघडली असे लगेच म्हणू नका. एकेक वस्तूचा प्लग काढून पाहा. जी काढल्यावर डबी टिकते, तिच्यात दोष आहे. बहुतेक वेळा पाण्याचा रॉड, जुना गिझर नाहीतर मोटार निघते. वायरीचे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यायचे.

डबीलाही न जमणारी एक गोष्ट आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली आणि पायाखाली कोरडा पाट असला, तर जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत येतो. शेळ्या पुऱ्या चाळीस भरतात. डबी स्वस्थ बसते. शिवाय भार जास्त झाला तर तिला त्याचे काही नाही, ते काम एमसीबीचे. म्हणून दोन्ही हव्यात. दोन्ही कामे करणारी एकच डबीही मिळते, पण ती महाग पडते.

पावसाळ्यापुरते आणखी थोडे. कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या खांबाला किंवा ज्या पत्र्यावरून सर्व्हिस वायर गेली आहे त्याला बांधू नये, नायलॉनची दोरी बांधावी. पाण्यात रॉड असताना पाणी तापले का हे बोट घालून पाहू नये, आधी बटण बंद करून प्लग काढावा. आमच्या आळीत सगळ्याजणी बोटच घालतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

घरात कुणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या काठीने त्याचा हात सोडवायचा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला एकाने पळायचे आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहायचे. खांबावरची तार तुटून पडली असेल तर मात्र काठीसुद्धा लावायची नाही. लांब थांबायचे, दुसऱ्यांना आणि गुरांना लांब ठेवायचे आणि १९१२ ला कळवायचे.

ईएलसीबीवर टी लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. दाबल्यावर डबी पडली तर आतले यंत्र चालू आहे. पडली नाही तर ती बदलायची. मात्र या बटणाने अर्थिंग चांगले आहे की नाही हे कळत नाही, ते वायरमनकडून वेगळे तपासून घ्यावे लागते. शाळेची डबी ऑफिसच्या दारामागे आहे. पालकसभेच्या दिवशी भाषणे संपल्यावर गुरुजी ते बटण दाबून दाखवणार आहेत. पंखे आणि दिवे एकदम बंद होतील, तरी कुणी घाबरून उठू नये.